आडव्या माणसाची आंघोळ

“बाबा गेले की वं माय! मला न सांगता गेले! आन् ही मानसं न्हाऊबी घालायलीत!”

दाराशी एक बाई हातातला डबा टाकून छाती बडवत होती. डब्यातली पेज फरशीवरून वाहत थेट माझ्या चपलेपर्यंत आली. माझ्या एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात तिच्या वडिलांचा पाय. पलीकडं माझा जोडीदार रशीद, त्याच्या हातात वाफाळलेल्या पाण्याचं तपेलं. मध्ये पलंगावर गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढलेले तिचे वडील, ज्ञानोबा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उजवं अंग लकव्यानं गेलेलं, वाचा बंद. डोळे सताड उघडे ठेवून ते आपल्याच मरणाचा गोंधळ बघत होते.

“ताई, जिते हायेत! बगा, डोळे उघडे हायेत!” मी ओरडलो.

“मेल्यावर माझ्या सासऱ्याचेबी उघडेच होते!” बाईनं आणखी वरचा सूर लावला. तो आवाज असा की पिंगळीच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नल न बघता सुटली असेल. वॉर्डातले एकवीस पलंग उठून बसले. ज्यांना डॉक्टरांनी महिनाभर हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तेसुद्धा. बाजूच्या खाटेपाशी नवऱ्याच्या सोबतीला बसलेल्या म्हातारीनं आबांना ओळखतही नसताना पदर तोंडाला लावला.

आता यात त्या ताईची चूक मी म्हणणार नाही. सुमनताई तिचं नाव, सासर पूर्णेला. गाडीतून उतरून धावत आलेली. तिनं काय बघितलं? बाप आडवा, पांढरी चादर, ऊन पाणी, दोन बाप्ये माणसं दोन्ही बाजूंनी अंग पुसतायत आणि कुणी चकार शब्द बोलत नाही. आपल्याकडं असं न्हाऊ कुणाला घालतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एरवी आम्ही दोघं स्पंज करताना इतके बडबडतो की रोगी लवकर बरे होऊन पळून जातात. पण त्या सकाळी रशीदनं माझ्या डब्यातला ठेचा बोटानं चाटून संपवला होता आणि आमचं बोलणं बंद होतं. एका ठेच्यापायी माणूस मेला, असं मी पुढं वर्षभर त्याला ऐकवलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, “मामा, दवाखान्यातलं हलकंफुलकं लिहा.” म्हणून मी मरणापासूनच सुरुवात केली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. परभणीतला आहे, मोठा आहे, आणि ज्यांनी ओळखायचं ते फिनेलच्या वासावरूनच ओळखतील. मी तिथं पुरुषांच्या वॉर्डात जन्म काढला. हुद्दा वॉर्डबॉय. निरोपाच्या दिवशी डोक्यावर एक काळा केस नव्हता, तरी साहेबांनी भाषणात बॉयच म्हटलं. रोगी मात्र मामा म्हणायचे. माझ्या सांगण्यात पाणी किती आणि दूध किती, हे घरी बायकोला विचारा. पण आज सांगतो त्यात दूध जास्त आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दवाखाना म्हणजे सुई आणि सलाईन. अहो, माणूस आजारी पडला तरी त्याला घाम यायचा राहत नाही, नखं वाढायची राहत नाहीत, तोंडाला वास मारायचा राहत नाही. ते सगळं रोजच्या रोज कुणीतरी करावं लागतं. जो उठू शकत नाही त्याला पलंगावरच न्हाऊ घालायचं. आधी डोळे, नाकाच्या बाजूनं कानाकडं. मग तोंड, मान, हात, छाती, पाय. एका वेळी एकच अवयव उघडा, बाकी अंग झाकलेलं. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, “मामा, शुद्ध गेली म्हणून लाज जात नाही.” खालचं अंग सगळ्यात शेवटी, वेगळं पाणी, वेगळं फडकं. मग कुशीवर वळवून पाठ. पाठ म्हणजे आमची परीक्षा. एका अंगावर पडून पडून कमरेच्या हाडावर लाल चट्टा उठतो. तो वेळेत दिसला तर ठीक. नाही दिसला तर कातडी फुटते आणि मग आत वाटीएवढा खड्डा पडतो. लकव्यातून वाचलेली माणसं त्या खड्ड्यात जाताना मी बघितली आहेत. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. माणूस वर झोपलेला असताना खालची चादर बदलायची हीसुद्धा एक विद्या आहे. एका हवालदाराची चादर मी अशी बदलली होती की त्याचं घोरणं तुटलं नाही. स्वप्नातला चोरसुद्धा सुटला नसेल.

गिऱ्हाइकंही एकेक. पूर्णेचे एक रिटायर रेल्वे गार्ड पाय मोडून आले होते. पायाला वजन टांगलेलं, तरी उशाला घड्याळ. मी पाणी घेऊन जरा उशिरा गेलो की म्हणायचे, “मामा, आज तुम्ही लेट चाललात.” आंघोळ आटोपली की हिरवा टॉवेल हलवायचे, त्याशिवाय मी पुढच्या पलंगाकडं निघायचं नाही. एके दिवशी त्यांनी लाल टॉवेल धरला. का, तर डावा कान राहिला होता.

हसायला बरं वाटतं. पण वॉर्ड भरला की पलंगाएवढीच माणसं फरशीवर असायची आणि हात आमचे दोघांचेच. एखादा दिवस असा जायचा की कोपऱ्यातल्या माणसापर्यंत पाणी पोचायच्या आत संध्याकाळची जेवणं यायची. ज्यांना मी लख्ख केलं त्यांचे चेहरे विसरलो. त्या कोपऱ्यातले नाही विसरलो.

तर सुमनताई. मोठ्या सिस्टरांनी तिला धरून आबांच्या छातीवर कान ठेवायला लावला, तेव्हा कुठं ती शांत झाली. पण शांत व्हायच्या आधी तिनं गावाकडं फोन लावून टाकला होता. गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला. दुपारी दवाखान्याच्या फाटकात टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून शंभर माणसं उतरली. रशीद म्हणतो, पंधरा होती. कुणाच्या हातात कोरं कापड, कुणाच्या हातात हार. आणि टेम्पोत बांबू होते, हे मी शपथेवर सांगतो. रशीदचं म्हणणं, ते टेम्पोवाल्याच्या घराच्या मांडवाचे होते. असतील.

माणसं रडत वॉर्डात शिरली तर आबा उशीला टेकून बसलेले आणि सुमनताई त्यांच्या तोंडात चमच्यानं पेज घालतेय. एक म्हातारा पायातली चप्पल न काढता तसाच थिजला. म्हणाला, “आबा, तुमी तं गेलते!” मग हशा पिकला. खोटी मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. हार तर आणलाच होता, तो आबांच्या गळ्यात घातला. चहा पिऊन टेम्पो गेला.

आम्हाला वाटलं, गंमत झाली आणि मिटली. मिटली नव्हती. आबांनी ते सगळं ऐकलं होतं. पोरीचं रडणं, गावाचं रडणं, कोण कसं रडलं आणि कोण नुसताच नाक पुसत होता, सगळं. त्या संध्याकाळपासून त्यांनी दातावर दात धरले. पेज नाही, पाणी कसंबसं. तोंड साफ करायला गेलो की ओठ घट्ट. कूस वळवली तर वळायचे, सोडली तर पडायचे. कमरेवर लाल चट्टा दिसायला लागला. तरुण डॉक्टरसाहेब म्हणाले, “मामा, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि पाठ फुटली तर मग मला काही सांगता येणार नाही.” माणूस आजारानं जातो ते आम्हाला समजतं. हा माणूस आपलं मरण ऐकून, ते खरं धरून निघाला होता.

टेम्पोतून आलेली एक बाई मात्र परत गेली नव्हती. आबांची थोरली बहीण, गयाआत्या. वय विचाराल तर गोदावरीच्या आधीचं. काटकुळी, नऊवारी, कमरेला चंची, आणि जिभेला धार. नळीची गोष्ट निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपेलं घेऊन गेलो तर ही पलंगासमोर स्टूल टाकून बसलेली.

“मामा कोन हाय इथं?”

“मीच की, आत्या.”

“माझ्या भावाला आडवा पाडून न्हाऊ तूच घातलास?”

“आडवे पडलेलेच होते, आत्या. मी फक्त धुतलं.”

“धुतलं! भांडं हाय का ते?” रशीद फिसकन् हसला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याच्या हातातलं पाणी गार झालं. “आयका दोघंबी. आमच्यात नेम हाय. मेलेल्याच्या अंगावर पह्यलं पानी दुसरा घालतो. जिता मानूस पह्यला तांब्या आपल्या हातानं घेतो. त्यो त्यानं घेतल्याबिगर याच्या अंगाला पानी लागू देनार न्हाई मी.”

“आत्या, उजवा हात गेलाय त्यांचा.”

“मंग डावा काय गहान टाकलाय?”

डॉक्टरसाहेब आले. त्यांनी समजावलं, की अंग स्वच्छ नाही राहिलं तर जखम होईल. आत्या म्हणाली, “पाठ पुसा, कूस वळवा. ती काय आंघोळ न्हाई. सुया किती टोचायच्या त्या टोचा. पर आंघोळ नेमानंच हुईल.” डॉक्टर नांदेडकडचे, शहरात वाढलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं. “मामा, असा खरंच काही रिवाज असतो का हो?”

आता मला काय माहीत? पण मामाला विचारलं आणि मामाला माहीत नाही, असं त्या वॉर्डात कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, “असतो की साहेब. गोदाकाठी लय जुना रिवाज आहे. निजामाच्याही आधीचा. तिकडं नवरदेवालासुद्धा हळदीचा पहिला तांब्या स्वतःच घ्यावा लागतो.” बोलता बोलता माझाच त्यावर विश्वास बसला. डॉक्टरांनी मान डोलावली. म्हणाले, “बघा मग तसं. डावा हात हलला तर चांगलंच आहे.”

पहिल्या दिवशी आम्ही आबांना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं. रशीद पलंगावर चढून त्यांच्या पाठीला पाठ लावून बसला, कारण सोडलं की आबा धान्याच्या पोत्यासारखे कलायचे. खाली टब ठेवला. मी अर्धा तांब्या डाव्या हातात दिला. बोटं मिटलीच नाहीत. तांब्या खाली पडून गडगडत गार्डसाहेबांच्या पलंगाखाली गेला. आबांनी तो कुठं गेला हेसुद्धा बघितलं नाही.

“आज न्हाई,” आत्या म्हणाली. “उद्या.”

मी म्हणालो, “आत्या, छोटं फुलपात्र देऊ का?”

“तांब्या मंजे तांब्या.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. आम्ही पाठ पुसायचो, कूस वळवायचो, पण त्या माणसाच्या अंगात माणूस काही येईना. सुमनताई मला व्हरांड्यात गाठून रडायची. “मामा, आत्यापुढं कुनाचं चालत न्हाई. तिच्या नेमापायी बाबा जातील का वं?” तिला तिथंच सोडून मी आत गेलो. मी आत्याला जरा चढ्या आवाजात म्हणालो, “नेम माणसासाठी असतो, आत्या. माणूस गेल्यावर नेमाचं काय लोणचं घालणार?”

तिनं चंचीतून सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली. म्हणाली, “तू तांब्या भर.”

पुढच्या सकाळी आम्ही आबांना बसवलं. रशीद पाठीला. तांब्या डाव्या हातात, खालून माझा हात. आत्यानं स्टूल जवळ ओढलं आणि अगदी चावडीवरच्या गप्पा सांगाव्या तसं बोलायला लागली.

“ज्ञान्या, गावात काय चाललंय ठावं का तुला? तू गेलास मनून समदे हळहळले. एक दिगंबर सोडून.”

दिगंबर म्हणजे शेजारचा शेतकरी, हे सुमनताईनं मला हळूच सांगितलं. दोघांत बांधावरून जुनं वैर.

“दिगंबर मनला, बरं झालं. वाकडा बांध आता सरळ करता येतोय. ज्ञानोबा व्हता तवर बोलायची सोय नव्हती. आता त्याच्या लेकीला काय कळतंय?”

आबांची नजर, जी इतके दिवस भिंतीवर होती, ती हळूच आत्याकडं वळली.

“परवा तं दोरी लावून मोजलाबी मनं. आपल्या बाभळीच्या आत दोन हात आलाय. बाभूळबी तोडनार हाय. लाकूड चांगलं हाय मनला, पेटीला हुईल.”

मला तांब्याचं वजन कमी झाल्यासारखं वाटलं. आधी समजलंच नाही. मग बघतो तर आबांची बोटं तांब्याच्या गळ्याभोवती आवळलेली. नखं पांढरी झालेली. मी माझा हात खालून काढून घेतला. तांब्या पडला नाही. तांब्या थरथरत वर चालला, गुडघ्यापर्यंत, पोटापर्यंत, छातीपर्यंत. पाण्याच्या लाटा उठत होत्या. दुष्काळात येलदरीचं धरण भरताना लोक जसे बघतात, तसे आम्ही बघत होतो.

“पेटीला,” आत्या परत म्हणाली, “न्हाईतर तुज्या सरनाला.”

आणि आबांनी तो तांब्या खाडकन आत्याच्या तोंडावर ओतला.

आत्याचं कुंकू नाकावरून ओघळलं, पदर चिंब, सुपारी तोंडातल्या तोंडात थांबलेली. सुमनताईनं डोळे मिटून घेतले. मोठ्या सिस्टर दारात येऊन तशाच उभ्या. रशीद पाठमोरा, त्याला काहीच दिसत नव्हतं. तो विचारत होता, “क्या हुवा मामू? घेतलं का? कुनी सांगा ना!”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, “पानी त्यानं घेतलं. कुटं पडलं त्याला इलाज न्हाई. घाला आता.”

त्या दिवशी आम्ही जी आंघोळ घातली, तशी राजालाही मिळाली नसेल. बसल्या बसल्या डोक्यावरून ऊन पाणी, साबण, मानेवरचा मळ, बोटांच्या फटी, कानाच्या मागं. सुमनताईनं पाय चोळले. दाढी मी केली. आबा रागानं नुसते फुसफुसत होते आणि तोंड उघडं पडलं होतं, म्हणून सिस्टरांनी तेवढ्यात दातही साफ करून घेतले. नंतर पेजेचा वाडगा पुढं केला तर त्यांनी डाव्या हातानं चमचाच ओढून घेतला. निम्मी पेज अंगावर सांडली. आम्ही पुन्हा पुसलं. असं पुसायला कंटाळा येत नाही.

पुढं रोज पहिला तांब्या आबांचा. कधी खांद्यावर, कधी माझ्या डोक्यावर, पण एकदासुद्धा चुकला नाही. कमरेचा चट्टा आधी फिका झाला, मग गेला. नळीचं नाव कुणी काढलं नाही. आणि ते बघून वॉर्डात लागण झाली. ज्याचा एक हात चालायचा तो म्हणायचा, मामा, पहिला तांब्या मी घेणार. गार्डसाहेबांनी तर टॉवेल न हलवता तांब्याच हलवायला सुरुवात केली. आम्ही चादरी बदलून बदलून बेजार झालो. पण एक गोष्ट बघितली: ज्यानं पहिलं पाणी आपल्या हातानं घेतलं, तो दुसऱ्या दिवशी फडकं मागायचा, तिसऱ्या दिवशी कंगवा, आणि एके दिवशी आरसा. आरसा मागितला की आम्ही समजायचो, हा घरी चालला.

सिस्टरांनी मग नव्यानं आलेल्या मुलींनाही ते शिकवून टाकलं, की शक्य असेल त्याला पहिलं पाणी त्याच्याच हातून. त्याला नाव पडलं गोदाकाठचा नेम. निजामाच्या आधीचा, हे मी प्रत्येक वेळी जोडून द्यायचो. एकदा तर मी त्यात यादवांचाही उल्लेख घातला. कुणी हरकत घेतली नाही.

हल्ली कामं ठेक्यावर गेली आहेत. नवी पोरं ओल्या कागदाच्या पाकिटातून कागद काढतात आणि चार मिनिटांत माणूस पुसून पुढं जातात. त्यांना दोष देत नाही; पलंग तेवढेच आणि पोरं त्याहून कमी. माझे गुडघे तिथंच राहिले, नाहीतर मी जाऊन बसलो असतो. पण परवा एका ओळखीच्याला बघायला गेलो, तर कोपऱ्यातल्या पलंगावर एक पोरगी एका म्हाताऱ्याच्या हातात पाण्याचा मग देऊन म्हणत होती, “घ्या बाबा, पहिलं तुमचं.” मी तिला ओळख दिली नाही. दिली असती तर संध्याकाळपर्यंत तिची सुटका नव्हती.

आबा काही महिन्यांनी तपासणीला आले होते. काठी टेकत, स्वतःच्या पायांनी. शब्द तुटक, पण येत होते. दिगंबरचं काय झालं विचारलं तर म्हणाले, “बांध... तिथंच हाय.” सुमनताई औषधं आणायला खिडकीवर गेली. गयाआत्या बाकावर बसून सुपारी कातरत होती. मी तिच्या शेजारी टेकलो आणि सगळं सांगितलं. तिचा नेम कसा वॉर्डभर झाला, सिस्टर पोरींना कसा शिकवतात, डॉक्टरसाहेबांनी दुसऱ्या डॉक्टरांना कसा सांगितला. ती ऐकत होती, कातरत होती.

मी म्हणालो, “आत्या, एक विचारायचं राहिलं. हा पहिल्या तांब्याचा नेम तुमच्या गावचा, का तुमच्या घराण्याचा? आमच्याकडं पिंगळीला काही असा न्हाई.”

आत्यानं सुपारी तोंडात टाकली.

“आमच्याकडंबी न्हाई,” ती म्हणाली.